एनॉसचा अंगठा

नेल मेली तेव्हा खालच्या शेताची नांगरट निम्मी राहिली होती. सकाळी सालोमा चारा टाकायला तबेल्यात गेली, तर घोडी भिंतीशी पाय ताणून पडलेली, आणि तिची जोडीदारीण पॅट फळीवरून मान काढून तिच्याकडे बघत उभी. एकोणीस वर्षं दोघींनी एकाच दांडीला काम केलं होतं. सालोमाने हाक मारली तसे डॅट, तिचे वडील, आले. खाली बसले, नेलच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच राहिले.

"गार पडलीय का गं?" त्यांनी विचारलं.

सालोमाने हात लावला. "गार आहे, डॅट."

"हां. मलाही तसंच वाटलं."

एकट्या घोडीला नांगर ओढवत नाही. ट्रॅक्टर शेतात उतरवायचा नाही, हे त्यांच्या धर्ममंडळीचं जुनं ठरलेलं. ओहायोच्या त्या टेकड्यांत एप्रिलमध्ये कोरडे दिवस मोजून मिळतात, आणि मे उजाडला की मका मातीत गेला पाहिजे. शेजाऱ्यांनी दोन दिवस आपली जनावरं दिली असती, पण सगळ्यांचीच नांगरट तोंडावर होती. मागायचं किती आणि किती वेळा?

घरात दोघंच. माम, सालोमाची आई, जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोन्ही बहिणी लग्न करून इंडियानात गेल्या होत्या. सालोमा अडतीस वर्षांची, बिनलग्नाची. एकाहत्तर वर्षांच्या बापाबरोबर ती आठ गायी, कोंबड्या आणि चाळीस एकरांचा उतार सांभाळत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. पण बापाला एकटं टाकायचं म्हटलं की तिचं पाऊल उंबऱ्याशी अडायचं. पुढे पुढे विचारणारेही थांबले.

डॅटचा, म्हणजे एनॉस गिंगरिचचा, अंगठा साऱ्या खोऱ्यात नावाजलेला होता. घोडा घ्यायचा असला की लोक त्यांना सोबत न्यायचे. ते दात बघायचे, डोळ्यांसमोर टोपी हलवायचे, छातीला कान लावायचे. मग वाकून एकेक पाय वरपासून खाली चाचपायचे. कातड्याखाली काय दडलंय ते त्यांच्या अंगठ्याला दिसायचं. जुनी मोच, भरलेलं हाड, कधीकाळी गरम झालेली शीर. "विकणाऱ्याचं तोंड सांगतं ते तोंडानं ऐकावं," ते म्हणायचे. लोक हसून विचारायचे, "तोंडानं कसं ऐकायचं?" "म्हणजे गप्प बसावं. आणि हात फिरवावा."

खोऱ्यात रीतच पडली होती. मंडळीतला माणूस शपथ घेत नाही. त्याचं होय ते होय आणि नाही ते नाही. पण घेणाऱ्याचा हात चारी पायांवरून फिरला आणि त्याने मान हलवली, की विकणारा बोलायला बांधील राहत नाही. हात फिरला, बोलणं मिटलं. त्यानंतर तक्रार करणारा माणूस स्वतःचंच हसं करून घ्यायचा.

दोन वर्षांपासून डॅट कोटाचे हूक लावताना चाचपडू लागले होते. एकदा स्वयंपाकघरात चुलीच्या कडेला हात टेकून उभे राहिले आणि बोलत राहिले. जळक्या कातड्याचा वास सालोमाला आला, त्यांना नाही आला. तिने हात धरून बाजूला केला तर म्हणाले, "अगं, लक्षातच आलं नाही." त्या दिवसापासून ती रविवारी सकाळी काही न बोलता त्यांच्या कोटाचे हूक लावून द्यायची, आणि तेही काही न बोलता छत बघत उभे राहायचे. कपाला दोन्ही हात लावून कॉफी प्यायचे. खिशात हाताशी आलेला खिळा आहे की काडी, हे त्यांना बाहेर काढून बघावं लागायचं. दोघांनी त्याला कधी नाव दिलं नाही. नाव दिलं की ते घरात राहायला येतं.

नेलला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी ते अ‍ॅबनर श्लाबाखकडे गेले. अ‍ॅबनर दोन मैलांवर राहायचा, चौपन्न वर्षांचा होता, पोटाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. शेतीच्या जोडीला लिलावातून घोडे आणून विकायचा.

"या या, एनॉस. आणि सालोमा पण? म्हणजे आज माझी खैर नाही. दोघं मिळून लुटणार."

"तुझ्याकडे लुटायला आहे काय रे? एक पोट. ते कुणाला नकोय."

"असं म्हणू नका. ड्रुसिलानं वीस वर्षं खपून वाढवलंय ते."

ड्रुसिला दारात उभी होती. उंच, थकलेली, हात एप्रनला पुसत. "ह्याच्या नादी लागू नका," ती म्हणाली. "सालोमा, कॉफी टाकते. जाऊ नकोस तशीच."

अ‍ॅबनरने घोडा बाहेर काढला. बेल्जियन जातीचा, तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा. नाव बार्नी. छाती रुंद, मान जाड, आणि चालायला इतका सरळ की सालोमाला पॅटच्या शेजारी तो आत्ताच दिसायला लागला. अ‍ॅबनरने त्याला खडीवरून पळवला, वळवला, पुन्हा पळवला. एकही पाऊल चुकलं नाही. अ‍ॅबनरने किंमत सांगितली. ऐकून डॅटनी भुवया वर केल्या.

"एवढ्यात?"

"तुमची नेल गेलीय. आता तुमच्याकडून काय कमवायचं?"

"काही सांगायचंय का ह्याच्याबद्दल?"

अ‍ॅबनरने घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवली. "मी आणल्यापासून एकदाही लंगडला नाही. होय तर होय."

डॅट वाकले. उजवा पुढचा पाय. उजवा मागचा. डावा मागचा. सालोमा कुंपणाशी उभी होती. सौद्याच्या वेळी बाईमाणसाने घोड्याला हात लावायचा नसतो, घरी रोज तीच घोड्यांचं चारा-पाणी करत असली तरी. डॅटचा हात डाव्या पुढच्या पायावरून खाली आला. खुराच्या वर, मागच्या अंगाला, जिथे पाय बारीक होतो, तिथे अंगठा थांबला.

थांबूनच राहिला.

तिला वाटलं, काहीतरी लागलं. अ‍ॅबनरचंही हसू गेलं होतं. तो डॅटच्या टोपीकडे बघत होता. कुंपणाची फळी ओलांडून दोन पावलं जावं, वाकावं आणि म्हणावं, डॅट, मी बघते. एवढंच करायचं होतं. पण चारचौघांत तसं म्हणणं म्हणजे त्यांचा अंगठा तोडून अ‍ॅबनरच्या हातात ठेवणं. तिने फळी घट्ट धरली.

डॅटनी मान हलवली आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "चल," ते म्हणाले. "कॉफी दे आता. हिशेब नंतर."

बार्नी कामाला चांगला निघाला. निम्मी नांगरट त्याने आणि पॅटने सहा दिवसांत संपवली. मका वेळेवर गेला. पॅट आधी त्याच्यावर कान पाडायची. जूनमध्ये त्याच्या मानेवर तोंड ठेवून उभी राहू लागली. संध्याकाळी सालोमा गायींच्या धारा काढायची आणि डॅट घोड्यांचे पाय उचलून साफ करायचे. ते काम त्यांनी तिला दिलं नाही. "एवढं तर राहू दे माझ्याकडे," म्हणायचे.

जुलैच्या मध्याला तबेल्यात वास येऊ लागला.

"उंदीर मेलाय कुठेतरी," डॅट म्हणाले.

दोघांनी गवताचा माळा उलटापालटा केला. ओटची पेटी सरकवली. एक जुना हातमोजा सापडला, मामचा असावा. तो सालोमाने झटकून खिळ्याला अडकवला. उंदीर मिळाला नाही.

"मांजराला पगार कशाचा देतो आपण?" डॅट म्हणाले.

"दुधाचा."

"मग उद्यापासून निम्मा."

जेवताना त्यांनी पाव मोडला आणि तोच वास सालोमाला पुन्हा आला. "डॅट, हात धुतलेत ना?"

"दोनदा धुतले. तुझ्या मामसारखं नको करू."

 त्यांच्या हाताला वास आहे हे तिला कळलं, वास कशाचा ते कळलं नाही. पुढे कितीदा तरी तिला ते जेवण आठवायचं. बिटाचं लोणचं, शेवया, खिडकीतलं ऊन, आणि पावावर त्यांची ती जाड, पांढरी पडलेली बोटं.

दुसऱ्या कापणीचं गवत वरच्या उतारावर उभं होतं. गुरुवारी सकाळी दव सुकल्यावर डॅट कापणीच्या यंत्रावर बसून गेले. पॅट वरच्या अंगाला, बार्नी खालच्या. साडेदहाच्या सुमाराला सालोमा पाण्याचा जग घेऊन निघाली. फाटकाशी पोचली तेव्हा यंत्राचा कटकट आवाज चालू होता. डॅटची टोपी गवतावरून सरकताना दिसत होती.

वळणावर बार्नीने डाव्या पुढच्या पायावर भार टाकला आणि पाय जमिनीत शिरावा तसा तो खाली बसला. गुडघे टेकले, छाती टेकली. दांडी वळली, पॅट खेचली गेली, यंत्राचं वरचं चाक उचललं. डॅट बसल्या जागेवरून उताराच्या बाजूला पडले आणि चाक त्यांच्यावर आलं. सगळं इतकं सावकाश झालं की ओरडायला वेळ होता. सालोमाच्या तोंडून आवाज निघाला नाही.

ती पोचली तेव्हा ते शुद्धीवर होते. "पट्टे सोड," ते म्हणाले. "आधी पॅटचे."

तिने पट्टे सोडले. बार्नी धडपडत उठला. आणि त्याच डाव्या पायावर सरळ, निवांत उभा राहिला. खुराचं निम्मं टरफल मागून सुटून लोंबत होतं, आत काळं-लाल दिसत होतं, आणि तबेल्यातला तोच वास. अशा पायावर पूर्ण भार देऊन घोडा गवताचा तुरा तोडून खात होता.

डॉक्टरांची गाडी डॅटना घेऊन गेली. दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. तो मंडळीबाहेरचा, पण तीस वर्षं ह्याच खोऱ्यात फिरणारा. त्याने खुरातून बोटभर गंजका खिळा काढला.

"हा पंधरा-वीस दिवसांचा आहे. घोडा लंगडला नाही?"

"नाही. एकदाही नाही."

त्याने पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे हात लाव."

सालोमाने अंगठा ठेवला. कातड्याखाली गव्हाचा दाणा असावा तसं काहीतरी. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. शोधावं लागलं नाही. अंगठा आपणहून जाऊन अडला.

"नस तोडलीय," डॉक्टर म्हणाला. "जुनी आहे. घोड्याचा पाय आतून दुखत असला की काही लोक नसच तोडून टाकतात. मग घोडा लंगडत नाही. खुरात निखारा ठेवला तरी कळत नाही त्याला. हे लपवून विकायचं नसतं." त्याने खूर हलकेच खाली ठेवला. "एनॉसच्या हाताला लागलं कसं नाही?"

तिने अंगठा काढून घेतला. डॉक्टरने गाडीतून बंदूक आणली. पॅट पुढे दोन दिवस कुंपणाशी उभी होती.

नऊ दिवसांनी डॅटनी हॉस्पिटलातून घरी न्यायला सांगितलं. बरगड्या फुफ्फुसात गेल्या होत्या आणि तिथे आणखी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालच्या खोलीत, खिडकीशी, मामच्या गोधडीखाली ते पडून होते. एका दुपारी डोळे उघडून म्हणाले, "बार्नी?"

"डॉक्टरनं संपवलं त्याला, डॅट. खूर गेला होता."

"कशानं?"

तिला खोटं सांगता आलं असतं. "खिळा होता. त्याला कळला नाही. नस तोडलेली होती."

"कुठल्या पायाची?"

"डाव्या. पुढच्या."

त्यांनी हात गोधडीबाहेर काढला आणि उजव्या अंगठ्याकडे बघितलं, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं. मग तो गोधडीच्या टाक्यांवरून पुढे-मागे फिरवला.

"मी तिथे थांबलो होतो," ते म्हणाले.

"हो. बघितलं मी."

बाहेर कुणीतरी त्यांचं गवत गाडीत भरत होतं. माणसांचे आवाज येत होते.

"वाट बघत होतो," डॅट म्हणाले. "कधीकधी थोड्या वेळानं कळायचं. म्हणून वाट बघत होतो."

सालोमाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तिने धरलाय हे त्यांना दिसत होतं म्हणून कळलं.

"अ‍ॅबनरला काही बोलू नकोस," ते म्हणाले.

रविवारी दुपारी, लोक प्रार्थनेहून परतत असताना, ते गेले.

कबर मंडळीतले चार जण फावड्यांनी खणतात. त्यात अ‍ॅबनर होता. सगळ्यात जास्त वेळ खड्ड्यात तोच उतरलेला होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, मान खाली. दुसऱ्या आठवड्यात तो आपली जोडी घेऊन आला आणि तिचं उरलेलं गवत कापून, वाळवून, माळ्यावर चढवून दिलं. एक शब्द नाही, एक विनोद नाही. सालोमा बाकावर कॉफी ठेवायची आणि आत जायची. बायका म्हणायच्या, "मन मोठं आहे हो पोरीचं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही." ती ऐकून घ्यायची. तिच्या गप्प बसण्याला आता क्षमा हे नाव पडलं होतं. आत काय होतं ते तिचं तिला माहीत. अ‍ॅबनरचा दुडक्या चालीनं येणारा टांगा लांबून ऐकला तरी तिच्या हातातलं काम थांबायचं.

सप्टेंबर संपता संपता मंडळीचा सेवक, डीकन मेनो, आला. सगळ्यांनी एकत्र भाकर आणि प्याला घ्यायच्या प्रभुभोजनाच्या पंधरा दिवस आधी मंडळीची सभा असते. तिथे प्रत्येकाला विचारतात, तुझी सगळ्यांशी शांती आहे का? एकाचीही नसली तर भोजन पुढे जातं. कधी महिना, कधी वर्ष.

मेनोने टोपी गुडघ्यावर ठेवली. "लोक बोलतात त्या घोड्याबद्दल. मी ऐकायला आलोय, बोलायला नाही. तुझ्या मनात अ‍ॅबनरबद्दल काही आहे का?"

"मला विचार करू दे, मेनो."

"कर. पण सभा रविवारी आहे, पोरी."

शुक्रवारी संध्याकाळी, धारा चालू असताना, अ‍ॅबनर स्वतः आला. गोठ्याच्या दारात उभा राहिला. त्याचं पोट उतरलं होतं.

"आत येऊ?"

"या."

तिने बादली सरकवली आणि दुसऱ्या गायीखाली बसली. तो खांबाला टेकला.

"मेनो माझ्याकडे पण आला होता," तो म्हणाला. "मी त्याला काही सांगितलं नाही. आधी तुला सांगायचं होतं."

दूध बादलीत पडत होतं.

"तो घोडा मी लिलावात घेतला तेव्हा मलाही माहीत नव्हतं. घरी आणून आंघोळ घातली तेव्हा हाताला लागलं. मला कुणी सांगितलं होतं का? मीच फसलो होतो. म्हटलं, हलक्या कामाला जाईल कुणाकडे. म्हणून भाव कमी लावला. तुमच्यावर उपकार म्हणून नाही." त्याने टोपी काढून हातात घेतली. "जे बोललो ते खोटं नव्हतं. एकदाही लंगडला नव्हता."

"ऐकलं होतं मी."

"पण ऐक, सालोमा. तुझ्या डॅटचा अंगठा नेमका तिथे थांबला. नेमका. मी श्वास धरून उभा. म्हटलं, आता वर बघतील आणि म्हणतील, अ‍ॅबनर, हे काय? मी सांगणार होतो. होय तर होय, सांगणार होतो. आणि त्यांनी मान हलवली." त्याचा आवाज फाटला. "मला वाटलं, ओळखलं त्यांनी. ओळखून घेतायत. नड आहे, भाव कमी आहे, आणि मला तोंडानं सांगायची लाज नको म्हणून गप्प राहिलेत. मी त्यांना मनातल्या मनात धन्यवाद दिले. एनॉसचा अंगठा कधी चुकलाय? तूच सांग. त्यांना माहीत होतं ना? तुला काही बोलले असतील."

तो तिच्याकडे बघत होता. पाण्यात पडलेला माणूस काठाकडे बघतो तसा.

तिला फक्त मान हलवायची होती. डॅटनी हलवली होती तशीच. मग अ‍ॅबनर सुटला असता, डॅटचा अंगठा खोऱ्यात कायमचा न चुकलेला राहिला असता, आणि रविवारी तिला शांती आहे म्हणता आलं असतं. एक शब्द खोटा बोलावा लागला नसता. डॅटनी तर सांगूनच ठेवलं होतं, अ‍ॅबनरला काही बोलू नकोस. त्या दुपारी तिला वाटलं होतं, ही क्षमा आहे. ते अंगठ्याचं नाव राखणं होतं हे आता, ह्या माणसाच्या तोंडाकडे बघताना, तिला कळलं.

तिने गायीच्या पोटावरून कपाळ उचललं.

"त्यांच्या अंगठ्याला काही कळत नव्हतं, अ‍ॅबनर."

"काय?"

"दोन वर्षं झाली होती. दहाही बोटं मेलेली. चुलीवर हात भाजला तरी कळायचं नाही. ते तिथे थांबले ते काही लागलं म्हणून नाही. काही लागतंय का, वाट बघत थांबले होते."

अ‍ॅबनर खांबाला धरून हळूहळू खाली, गवताच्या गठ्ठ्यावर बसला.

"मला माहीत होतं," सालोमा म्हणाली. "मी कुंपणाशी उभी होते. दोन पावलं होती."

"मग तू का नाही..." 

"नाही बोलले. तुम्हीही नाही बोललात. त्यांनीही नाही. तिघंही उभे होतो आपण तिथे."

गाईने शेपटी झटकली. पलीकडे पॅटने फळीला पाय मारला.  अ‍ॅबनर उठला आणि दुधाच्या भरलेल्या दोन बादल्या उचलून नेहमीच्या जागी नेऊन ठेवल्या. 

रविवारी सभेत तो उठून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. ह्या वेळी मला भोजनाला बसवू नका, म्हणाला. त्याच्यानंतर सालोमाला विचारलं तेव्हा तिनेही आपलं सांगितलं. बापाच्या बोटांसह. मग म्हणाली, "माझी शांती आहे." आवाज नीट लागला नाही, पण मेनोने मान हलवली.

बाहेर पडताना टांग्यांपाशी दोघं तिघं उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "म्हणजे माझी ती गेल्या वर्षीची तपकिरी घोडी? ती पण एनॉसनंच बघून दिली होती की."

"घरी गेल्यावर डॉक्टरला दाखव बाबा. माझी दोन आहेत."

तिला बघून ते गप्प झाले आणि टोपीला हात लावला. पन्नास वर्षांचं नाव एका सकाळीत गेलं होतं. घालवलं तिनेच. घरापर्यंत तिने टांग्याला जुंपलेल्या पॅटला पळवलं नाही, चालतच नेलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी भोजन झालं. भाकर मोडली, प्याला फिरला. अ‍ॅबनर शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता. प्याला त्याच्या आधीच्या माणसापर्यंत गेला आणि परत फिरला. मग पाय धुण्याची वेळ आली. पुरुष पुढच्या खोलीत, बायका मागच्या. दोघी-दोघी मिळून एकमेकींचे पाय धुवायचे. कुणी कुणाला निवडायचं नाही, जवळ असेल तिच्याबरोबर जायचं.

सालोमाच्या शेजारची म्हातारी उठली आणि पुढे गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरून ड्रुसिला आली. मोजे हातात होते.

"माझ्याबरोबर येतेस?" ती पुटपुटली. "नको असलं तर सांग."

"बस," सालोमा म्हणाली.

ड्रुसिला बाकावर बसली. सालोमाने किटलीतलं पाणी घमेल्यात ओतलं आणि वाकली. पाऊल लांब होतं, सुजलेलं, मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर उठलेला. टाचेला भेगा. तिने ते उचलून पाण्यात सोडलं आणि ड्रुसिलाने झटक्यात मागे घेतलं.

"कढत आहे गं."

"थांब." सालोमाने गार पाणी ओतलं, हात घालून बघितलं, आणखी ओतलं. "आता?"

"आता ठीक."

ती पाऊल धुवू लागली. वरून, बोटांमधून, तळव्याखालून. ड्रुसिला रडत होती. तिचा गुडघा मधूनच हलायचा. सालोमाचा हात घोट्यावरून मागे गेला आणि टाचेच्या वर, जिथे पाय बारीक होतो, तिथे अंगठा थांबला.

कातड्याखाली शीर उडत होती. तिला वाट बघावी लागली नाही.